पाणी, वारा आणि ऊन : एका छपराचा वीज-इतिहास

कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणाऱ्या कंदिलाचे नाव ‘प्रभाकर’ होते. प्रभाकर म्हणजे सूर्य. ओगले बंधूंच्या वडिलांचे नावही प्रभाकरच. १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या काचकारखान्याने पुढे परदेशी कंदिलांच्या तोडीचा कंदील बाजारात आणला आणि तो महाराष्ट्रातल्या घरोघरी खुंटीला टांगला गेला. त्याआधी, १९१० मध्ये, औंधच्याच बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली होती. तिथे किर्लोस्करवाडी वसली. एका वाडीत लोखंडी नांगर, दुसऱ्या वाडीत कंदील. आज पहिली वाडी सांगली जिल्ह्यात आहे आणि दुसरी सातारा जिल्ह्यात. पण ही विभागणी १९४९ ची. तेव्हा साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला गेला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या लेखात मी ती हद्द फारशी मानलेली नाही. कृष्णाही मानत नाही.

मी कराडचा. शिक्षण वाणिज्याचे, नोकरी पतसंस्थेतली, इतिहासाचा नाद स्वतःच लावून घेतलेला. त्यामुळे कुठलाही इतिहास वाचताना माझी नजर आधी जमाखर्चावर जाते. सांगलीला गावभागात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी छपरावर सौर पॅनेल बसवायचे मनात घेतले आणि कागदपत्रांचे काम माझ्याकडे दिले. अंदाजपत्रके, करारनामा, जुनी वीजबिले असे सगळे समोर मांडून बसल्यावर वाटले की ही एका घराची खरेदी असली तरी तिच्यामागे या दोन जिल्ह्यांची शंभर वर्षे आहेत. ती उलगडल्याशिवाय त्या करारनाम्यावर आक्काची सही घेऊ नये.

कंदिलाचा हिशेब सोपा होता. दिवा एकदा विकत घ्यायचा आणि रॉकेल दर आठवड्याला. रॉकेल बाहेरून येई, पण वात किती वर करायची हे घरातली बाई ठरवी. परीक्षेच्या दिवसांत ती वर जाई आणि महिनाअखेरीला खाली येई. उजेडाचे माप घरातल्या हातात होते आणि डोळ्यांना दिसत होते. पुढे वीज आली तेव्हा उजेड वाढला, पण माप घराबाहेर गेले. भिंतीवर मीटर बसला, आकडा वाचायला माणूस येऊ लागला आणि हिशेब छापील कागदावर येऊ लागला. हा बदल लहान नाही.

ही वीज कुठून आली, हे पाहायचे तर पाटण तालुक्यात जावे लागते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा डोंगराळ तालुका. महाराष्ट्राच्या विजेचा इतिहास एकाच तालुक्यात दाखवायचा झाला, तर तो इथे दाखवता येईल. पाण्याची, वाऱ्याची आणि उन्हाची अशी तिन्ही प्रकारची वीज इथे या क्रमाने आली.

कोयना प्रकल्पाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले. त्याच दशकात, १९५४ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची पहिली कामाजोगी सौरघटी लोकांपुढे ठेवली. तिच्यावर एक खेळण्यातले चक्र फिरवून दाखवले होते. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावण्याचे कोणालाही कारण नव्हते. कोयनेच्या तुलनेत ते खेळणेच होते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची नदी अडवायची, पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे न्यायचे, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली टाकायचे आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रे फिरवायची, ही कल्पना आजही वाचताना छाती दडपते. १९६२ मध्ये पहिली वीज निघाली. पुढचे टप्पे वाढत गेले आणि १९९९ मध्ये तलावाच्या तळाला बोगदा फोडून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतले गेले. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता आज १९६० मेगावॅट आहे.

पण जमाखर्चाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. शिवसागर जलाशयात पाटण आणि जावळीच्या खोऱ्यांतली गावे गेली. माणसे सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली आणि त्यांच्या पुनर्वसनाची आंदोलने या शतकातही चालू राहिली. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा दिली. ते पाणी वीज देऊन वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळते. वीज उच्चदाब वाहिन्यांनी मुंबईकडे आणि उद्योगांकडे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले, दीडशेहून अधिक माणसे गेली आणि वीजनिर्मिती थांबली, तेव्हा त्याची झळ मुंबईच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली. खोऱ्याचे आणि महानगराचे नाते किती घट्ट होते हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले. ते नाते एकाच दिशेने वाहत होते, हे मात्र खोऱ्यातल्या लोकांना आधीपासून ठाऊक होते.

‘गावाला वीज आली’ या वाक्याचा सरकारी अर्थही पाहण्यासारखा आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत धरले जाई. म्हणजे एका मळ्यावरच्या मोटारीने अख्खे गाव उजळल्याची नोंद होऊ शकत असे. २००४ पासून व्याख्या कडक झाली आणि दहा टक्के घरांत तसेच शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज असणे आवश्यक ठरले. उरलेली नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी चालत होते. जुन्या अहवालांतले गावांच्या विद्युतीकरणाचे आकडे वाचताना हे विसरू नये.

पूर्व बाजूची गोष्ट आणखी विचित्र आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे सांगलीचे दुष्काळी तालुके. तिथे कृष्णेचे पाणी पोहोचवायचे तर चढावर उचलावे लागते. त्यासाठी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना झाल्या. (टेंभू म्हणजे आगरकरांचे जन्मगाव. त्या गावाचे नाव आता पंपांमुळे जास्त लोकांना माहीत आहे.) पाण्याची वीज करण्यासाठी कोयनेचे पाणी पश्चिमेला खाली सोडायचे आणि विजेवर कृष्णेचे पाणी पूर्वेला वर ओढायचे, असे एकाच खोऱ्यात चालले. आणि वर ओढण्याचे वीजबिल थकले की पंप बंद. सांगलीच्या वर्तमानपत्रांत या थकबाकीच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या.

वाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो अध्याय थोडक्यातच संपला. चाळकेवाडी, वनकुसवडे, सडावाघापूर इथल्या पठारांवर १९९० नंतर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सांगलीत ढालगावकडेही झाल्या. पठारावरून जाताना पाती फिरताना पाहायला बरे वाटते. पण त्या उभारणीमागे वाऱ्याइतकाच प्राप्तिकराचा जोर होता. घसाऱ्याची वेगवान सवलत मिळत असल्याने नफा कमावणाऱ्या दूरच्या कंपन्या करबचतीसाठी पवनचक्क्या घेत. मी हिशेबाचा माणूस असल्याने मला त्यात पाप दिसत नाही. फक्त पठाराखालच्या वाडीच्या वीजबिलावर त्या पात्यांचा काही परिणाम झाला नाही, एवढी नोंद करून पुढे जातो.

घराच्या छपरावर सूर्य कामाला लागला तो आधी उष्णतेच्या रूपाने. १९८५ मध्ये महाऊर्जा ही राज्याची संस्था स्थापन झाली. त्या काळात सूर्यचुलीचा मोठा प्रचार झाला. काळ्या पेटीत वरण-भात शिजे, पण सकाळी नऊच्या डब्याला तिचा उपयोग नसे, म्हणून बहुतेक सूर्यचुली माळ्यावर गेल्या. पाणी तापवणारे सौरबंब मात्र टिकले. सांगलीत, कराडात, साताऱ्यात गच्च्यांवर ते रांगेने दिसतात. कारण साधे आहे. दुपारचे ऊन दुसऱ्या दिवशी सकाळच्या अंघोळीपर्यंत टाकीत साठून राहते. विजेला अशी टाकी स्वस्तात मिळत नाही. पुढच्या सगळ्या कथेची मेख इथे आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमन आले आणि मध्यमवर्गीय घरात जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी आली. ती वीज साठवण्याची पहिली घरगुती टाकी. महाग, जड, चार-पाच वर्षांत बदलावी लागणारी. नंतर भारनियमन ओसरले, बॅटऱ्या भंगारात गेल्या आणि सौर पॅनेलांच्या किमती जगभर उतरू लागल्या. २०१५ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरच्या सौर यंत्रणांसाठी नेट मीटरिंगचे विनियम काढले आणि २०१९ मध्ये ते नव्याने केले. नेट मीटरिंग म्हणजे बॅटरीऐवजी वहीत साठवण. दिवसा घरात न लागलेली वीज वाहिनीत सोडायची, ती जमेला लिहिली जाते. रात्री वाहिनीतून घ्यायची, ती खर्ची पडते. महिन्याला वजाबाकी होते आणि शिल्लक पुढे ओढली जाते. आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक उरते ती वीज कंपनी बऱ्याच कमी दराने विकत घेते आणि वही कोरी होते. वाण्याकडचे खाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आली. एक कोटी घरांचे लक्ष्य आणि ७५ हजार कोटींच्या वर तरतूद. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार आणि कितीही मोठी यंत्रणा घेतली तरी जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. तीन किलोवॅटनंतर अनुदान वाढत नाही, म्हणून बाजारात प्रत्येकाला तीन किलोवॅटच सांगितले जाऊ लागले.

आक्कालाही तेच सांगितले गेले. पहिल्या ठेकेदाराने बिल न पाहताच तीन किलोवॅटचा आकडा दिला. मी तिची बारा महिन्यांची बिले मांडली. महिन्याचा सरासरी वापर १८० युनिटांच्या आसपास. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटे देतो असे धरतात, म्हणजे दोन किलोवॅटचे महिन्याला २४० झाले. तेवढे पुरे होते. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त. पॅनेल आधी वरच्या महाग टप्प्यातली युनिटे खातात आणि मग स्वस्त. गरजेपेक्षा जास्त बसवलेला किलोवॅट मार्चअखेरीला कवडीमोलाने जातो. स्थिर आकार मात्र बिलात शून्य युनिटे आली तरी द्यावाच लागतो. ‘बिल शून्य’ ही जाहिरातीची भाषा आहे.

सरासरी चार युनिटे हेही सरसकट घेऊ नये. कोयनेच्या पाणलोटात पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि जतला पाचशेच्या आसपास. पाटणच्या छपरावर जून ते सप्टेंबर ढग बसून असतात. जतच्या छपरावर पावसाळ्यातही ऊन असते, पण धूळ असते. आणि कडक उन्हाळा म्हणजे सर्वाधिक वीज असेही नाही. पॅनेल तापले की त्याचे उत्पादन घटते, प्रत्येक अंशाला साधारण तीन ते चार दशांश टक्क्याने. मे महिन्यात काच साठ अंशांच्या पुढे तापते. सांगलीत फेब्रुवारी-मार्च बरे.

आक्काची हरकत वेगळीच होती. “वाळवण कुठं घालू मग? तुझ्या त्या प्लेटांवर?” गच्चीवर उन्हाळ्यात तिच्या कुरडया, सांडगे, मिरच्या आणि घरच्या वापराची हळद असते. तांत्रिक माहितीपत्रकांत हा मुद्दा कुठेही नव्हता. खरे तर तिचाच दावा जुना होता. त्या गच्चीवरच्या उन्हाचा वापर ती चाळीस वर्षे करत होती. सांगलीची सगळी हळदपेठ उन्हात वाळवलेल्या मालावर उभी आहे. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद साठवत, ती एका अर्थाने वाळवलेल्या उन्हाचीच कोठारे होती.

उपाय आपल्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी आधीच काढलेला आहे. पॅनेल गच्चीला टेकवायची नाहीत, आठ फूट उंच जस्ताच्या मुलाम्याच्या सांगाड्यावर चढवायची. खाली माणूस उभा राहतो आणि दोरी बांधता येते. खर्च वाढतो, वाराही जास्त धरला जातो, म्हणून पाय भक्कम लागतात. इथे आमचे त्या पहिल्या ठेकेदाराशी बिनसले. तो स्लॅबला थेट भोके पाडून बोल्ट मारणार होता. जुन्या स्लॅबला असे केले की दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल उतरते. दुसऱ्याने सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवले. दक्षिणेकडे तोंड आणि सतरा अंशांच्या आसपास कल ठेवला, कारण सांगलीचे अक्षांश तितकेच आहे. शेजारच्या नारळाची सावली दुपारी तीननंतर एका कोपऱ्यावर येत होती. एका माळेतल्या एका पॅनेलवर सावली पडली तर सगळ्या माळेचे उत्पादन ओढले जाते, म्हणून सांगाडा चार फूट सरकवला. नारळ तोडायला आक्का तयार नव्हती आणि तिचे बरोबर होते. पॅनेलचा हमीकाल पंचवीस वर्षे, इन्व्हर्टरचा त्याच्या निम्म्याहून कमी. हे दोन आकडे करारावर वेगवेगळे लिहून घ्यावे लागतात. ठेकेदार मोठा आकडाच बोलतो.

इथपर्यंत सारे खरेदीचे शहाणपण झाले. यानंतर आक्काने जो प्रश्न विचारला त्याने मला दोन रात्री जागवले.

“पूर आला तर?”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागात पाणी शिरले, रोहित्रे आणि उपकेंद्रे पाण्याखाली गेली. आक्का आणि भावजी वरच्या मजल्यावर होते. मोबाइल दुसऱ्या दिवशी बंद पडला. सहा दिवस मला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला नाही. तिच्या मनात पॅनेलचे कारण बिल नव्हतेच. छपरावर वीज असेल तर पुरात निदान फोन चालेल, एक दिवा जळेल, असे तिला वाटत होते.

आणि साध्या, वाहिनीला जोडलेल्या यंत्रणेत हेच होत नाही. वाहिनीतली वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तसे बंधन आहे आणि ते योग्य आहे. नाहीतर तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला छपरावरच्या विजेचा धक्का बसेल. म्हणजे डोक्यावर ऊन, छपरावर दोन किलोवॅटची पॅनेल आणि घरात अंधार. विकणाऱ्यांपैकी एकानेही हे आपणहून सांगितले नव्हते. विचारल्यावर सगळ्यांनी मान्य केले.

मग पर्याय उरतो तो बॅटरी असलेल्या संमिश्र इन्व्हर्टरचा. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजले जाते, बॅटरीचा खर्च वेगळा. भावजींचे म्हणणे, पूर काही रोज येत नाही. खरे आहे. पण २००५, २०१९, २०२१ हे आकडे मी त्यांच्यापुढे ठेवले. शेवटी लहान बॅटरी घ्यायचे ठरले, घर चालवायला नव्हे, तर तीन दिवे, एक पंखा, राउटर आणि फोन एवढ्यापुरती. आणि इन्व्हर्टर, बॅटरी, जोडणीची पेटी हे सगळे वरच्या मजल्यावर. ठेकेदाराला तळमजल्यावर मीटरशेजारी सोपे पडले असते. पुराची रेघ अजून आक्काच्या जिन्याच्या भिंतीवर आहे. तिच्या वर दोन हात सोडून पेटी बसली.

करारनामा वाचताना मला जाणवले की ही मालकी अर्धी आहे. पॅनेल आपली, छप्पर आपले, पण वही दुसऱ्याकडे आणि वहीचे नियम बदलणारा तिसरा. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणने आयोगापुढे ठेवलेल्या दरप्रस्तावावरून नेमका हाच वाद उभा राहिला. दिवसा जमा केलेले युनिट रात्रीच्या वापरातून पूर्ण वजा करू द्यायचे का? ग्राहक संघटनांनी जोरदार आक्षेप घेतले. वीज कंपनीची बाजूही अगदीच पोकळ नाही. दुपारी सगळ्यांकडे वीज जास्त आणि रात्री सगळ्यांना हवी, तर रात्रीची वीज महागच पडणार. पण ज्यांनी पंचवीस वर्षांच्या हिशेबाने पैसे घातले त्यांना मधेच वहीचा नियम बदलणे परवडत नाही. माझे मत या बाबतीत ग्राहकाकडे झुकते आणि ते मी लपवत नाही.

पाटणची तिसरी वीज सांगायची राहिली. ढेबेवाडी खोऱ्याकडची मान्याचीवाडी हे लहान गाव २०२४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले सौरग्राम ठरले. तिथल्या घरांच्या आणि सार्वजनिक जोडण्या, मिळून शंभराच्या आसपास, छपरावरच्या उन्हावर आल्या. ज्या तालुक्याच्या पाण्याची वीज मुंबईला गेली, ज्याच्या वाऱ्याची वीज दूरच्या ताळेबंदांत गेली, तिथे वीज तयार होण्याची जागा आणि वापरण्याची जागा प्रथमच एका छपराखाली आली. अर्थात तिथेही रात्रीचा दिवा वाहिनीवरच जळतो आणि त्या वाहिनीत कोयनेचीही वीज असते. संध्याकाळी राज्यातली सगळी पॅनेल एकदम थंडावतात, तेव्हा मागणी सांभाळायला मिनिटांत सुरू होणारी जनित्रे लागतात आणि ती पाण्यावरच चालतात. पाण्याची वीज जुनी झाली, असे म्हणण्याची घाई करू नये.

दिवस-रात्रीच्या वजाबाकीचा वाद मी आक्काला फोनवर समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हणजे दुपारची वीज दुपारीच वापरली तर कुणाला काय द्यायचं-घ्यायचं नाही, असंच ना?” तसेच होते. तेव्हापासून तिची घरघंटी, पाण्याची मोटर आणि कपड्यांचे मशीन बारा ते तीनमध्ये चालते. गल्लीतल्या दोघीतिघीही त्या वेळेला दळणाचे डबे घेऊन येतात.